मागच्या रांगेसाठी एक साधा ध्वनिविवर्धक

ध्वनिमुद्रित पाठ, कविता व गोष्टी भ्रमणध्वनीवरून वर्गाला ऐकविण्याची पद्धत आता लहान खेड्यांतील शाळांतूनही रूढ झाली आहे. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापले जाऊ लागल्यापासून असे साहित्य शिक्षकांच्या हाताशी आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु भ्रमणध्वनीतील इवलासा स्पीकर हा हातभर अंतरावरून ऐकणाऱ्या एकदोघांसाठी केलेला असतो, तीस-पस्तीस मुलांच्या वर्गासाठी नव्हे. पुढच्या दोन रांगा ऐकतात, तिसरी रांग अंदाज बांधते आणि मागची मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सर आली म्हणजे पहिल्या रांगेलाही काही उमगत नाही. अशा वेळी मागच्या मुलांना ‘लक्ष नाही’ म्हणून रागे भरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्यापर्यंत आवाजच गेलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे विवर्धक, ज्याला दुकानात ‘ॲम्प्लिफायर’ म्हणतात. तयार विवर्धक व स्पीकर एकाच डब्यात बसविलेले बाजारात मिळतात, मग ते स्वतः बांधण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणीही सुज्ञ शिक्षक विचारील. ज्या शाळेला तयार यंत्र घेणे शक्य आहे तिने ते अवश्य घ्यावे. पैसे वाचविण्यासाठी हा उद्योग करावा असे माझे म्हणणे नाही. भाग जमवून, चुका दुरुस्त करून होईपर्यंत फारशी बचत उरतही नाही. परंतु बंद डबीतून मोठा आवाज निघाला म्हणजे मुलांना ती जादू वाटते, आणि जादूपुढे प्रश्न विचारण्याची सवय मोडते. उघड्या फळीवर दहा-बारा भाग मुलांच्या देखत जोडले आणि त्यांतून आवाज निघाला म्हणजे सहावी-सातवीतील एखादा मुलगा हटकून विचारतो, “गुरुजी, आवाज मोठा झाला, पण हा जास्तीचा आवाज आला कुठून?” या एका प्रश्नासाठी हा विवर्धक शाळेत बांधावयाचा आहे.

त्याचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असले पाहिजे. विवर्धक मूळचा आवाज ताणून वा फुगवून मोठा करीत नाही. भ्रमणध्वनीतून येणारा विद्युत्संकेत अगदी दुबळा असतो; तो स्पीकरचा शंकू जोराने हलवू शकत नाही. तो फक्त हुकूम देतो. काम करते ती विवर्धकाला जोडलेल्या सेलांतील शक्ती. आपल्या भागातील मुलांना पाटाचे पाणी ठाऊक असते. पाटकरी पाटाचे दार थोडे वर उचलतो आणि पाण्याचा लोट शेताकडे धावतो. तो लोट पाटकऱ्याच्या मनगटातून आलेला नसतो, तो धरणातून आलेला असतो. पाटकऱ्याने दार किती उघडावे एवढेच ठरविले. विवर्धकात दुबळा संकेत हा पाटकरी, सेल हे धरण आणि ट्रान्झिस्टर हे दार. फरक एवढाच की हे दार बोलण्याच्या कंपनांबरोबर एका सेकंदात शेकडो, हजारो वेळा उघडमीट करते आणि प्रत्येक वेळी हुकमाच्या प्रमाणातच उघडते. प्रमाण चुकले की आवाज फाटतो. उदाहरण सांगून झाल्यावर भ्रमणध्वनी चालू ठेवून विवर्धकाचा एक सेल काढून दाखवावा. संकेत येतच आहे, पण आवाज नाही. पाटकरी उभा आहे, धरण कोरडे पडले.

दुबळ्या संकेताने मोठी शक्ती चालविण्याची ही युक्ती प्रथम निर्वात नळीत साधली. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांची नळी केली, आणि पुढे काही वर्षांनी ती विवर्धनासाठी वापरात आली. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. शॉकली यांच्यासह त्या दोघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविण्याचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर चर्चा करीत. ऐकून झाल्यावर बोलावयाचे, हा त्या प्रयोगाचा भाग वर्गातही उचलण्याजोगा आहे. ज्या गावात वीज नव्हती तेथे नळ्यांच्या रेडिओला ९० व्होल्टची जाडजूड बॅटरी लागत असे. आपले काम आता विजेरीच्या चार सेलांवर, म्हणजे ६ व्होल्टवर भागते.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. या मंडलाचा प्राण म्हणजे ‘एलएम ३८६’ या नावाची आठ पायांची काळी चकती, जिला दुकानदार ‘आयसी’ म्हणतो. नखाएवढ्या या तुकड्यात दहाएक ट्रान्झिस्टर व त्यांचे रोधक आधीच जोडून ठेवलेले आहेत. तिच्या नेहमी मिळणाऱ्या प्रकाराला ४ ते १२ व्होल्टपर्यंतचा दाब चालतो, आणि ६ व्होल्टवर ती ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे एक-तृतीयांश वॅट शक्ती देते. हा आकडा वाचून कोणी नाक मुरडू नये. चांगल्या खोक्यात बसविलेल्या चार इंची स्पीकरला एवढी शक्ती मिळाली की वर्गाच्या एका खोलीला आवाज पुरतो. मैदानावरील प्रार्थनेला मात्र तो पुरणार नाही. त्याची आशा धरू नये.

आयसीखेरीज पुढील भाग लागतात. आवाज कमीजास्त करण्यासाठी १० किलोओहमचा फिरता रोधक. दुकानात ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हणून मागावा. १ किलोओहमचे दोन रोधक, ज्यांवर तपकिरी, काळा व तांबडा असे पट्टे असतात, आणि १० ओहमचा एक, ज्यावर तपकिरी, काळा व काळा असे पट्टे असतात. धारित्रे, म्हणजे दुकानातील ‘कंडेन्सर’, पाच: २२० मायक्रोफॅरडचे एक व १०० मायक्रोफॅरडचे एक, ही दोन्ही नळकांड्यासारखी असून त्यांना धन व ऋण असे दोन ध्रुव असतात, आणि चकतीसारखी, ध्रुव नसलेली तीन, १ मायक्रोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड व ०.०४७ मायक्रोफॅरड. चकत्यांवर अनुक्रमे १०५, १०४ व ४७३ असे आकडे छापलेले असतात, त्यांवरून त्या ओळखाव्यात. ८ ओहमचा स्पीकर, चार सेलांची पेटी, एक कळ, भ्रमणध्वनीला लावावयाची ‘ऑक्स’ तार आणि भोकांची जोडणीफळी, जिला ‘ब्रेडबोर्ड’ म्हणतात. या फळीवर झाळकाम न करता भाग नुसते खोचता येतात, म्हणून शाळेसाठी प्रथम तीच घ्यावी. मंडल चालू लागले व कायमचे करावयाचे ठरले तरच झाळावे. कथिलाच्या तारेत बहुधा शिसे असते. झाळकाम शिक्षकाने खिडकीजवळ बसून करावे, मुलांनी पाहावे, आणि ज्यांनी तारेला हात लावला त्यांनी खाण्यापूर्वी हात धुवावेत.

आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती खाच वर येईल अशी आयसी समोर धरली म्हणजे डाव्या बाजूचा सर्वांत वरचा पाय पहिला. डावीकडून खाली १, २, ३, ४. मग उजव्या बाजूला खालून वर ५, ६, ७, ८. म्हणजे चौथ्याच्या समोर पाचवा आणि पहिल्याच्या समोर आठवा. हा क्रम मुलांकडून एकदा वहीत काढून घ्यावा, कारण निम्म्याहून अधिक बिघाड उलट्या मोजणीतून होतात. जोडणीफळीवर आयसी मधल्या चरावर अशी बसवावी की चार पाय चराच्या अलीकडे व चार पलीकडे येतील.

सेलपेटीचे धन टोक कळेतून सहाव्या पायाला आणि ऋण टोक चौथ्या पायाला जोडावे. ऋण टोकाची ही ओळ सर्वांना सामाईक राहते. पुढे ‘ऋण ओळ’ म्हटले की तीच समजावी. सहाव्या पायापासून ऋण ओळीपर्यंत १०० मायक्रोफॅरड व ०.१ मायक्रोफॅरड ही दोन धारित्रे, आयसीच्या शक्य तितकी जवळ, लावावीत. मोठ्याचा ऋण ध्रुव ऋण ओळीकडे. ही जणू दारापाशीच बांधलेली हौद आहेत: आवाजाचा अकस्मात जोर झाला की धरणापासून पाणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरा पाय ऋण ओळीला जोडावा. पहिला, सातवा व आठवा हे पाय मोकळे ठेवावेत.

संकेत तिसऱ्या पायातून आत जातो. ऑक्स तारेचे एक टोक कापले की आत तीन तारा दिसतात: डावा आवाज, उजवा आवाज व सामाईक. रंगांवर विसंबू नये, मल्टिमीटरने तपासावे. खुंटीचे टोक डावा, मधला पट्टा उजवा व बुडाकडचा भाग सामाईक असतो. सामाईक तार ऋण ओळीला जाते. डावी व उजवी तार एकमेकींना सरळ पिळू नये, कारण तसे केल्यास भ्रमणध्वनीतील दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध ओढू लागतात. प्रत्येकीला १ किलोओहमचा एक रोधक लावून त्या रोधकांची दुसरी टोके एकत्र आणावीत. तेथून १ मायक्रोफॅरडच्या चकतीतून फिरत्या रोधकाच्या एका बाहेरच्या टोकास जावे. त्याचे दुसरे बाहेरचे टोक ऋण ओळीला आणि मधले टोक तिसऱ्या पायाला जोडावे. ज्या भ्रमणध्वनीला कानातील तारेचे गोल भोक नाही त्याला ‘टाइप-सी’ जोडणीचा तुकडा लावावा लागतो.

पाचव्या पायातून आवाज बाहेर येतो, आणि येथे थोडे थांबावयास हवे. ध्वनीचा संकेत वर जातो तसा खालीही जातो. त्याला दोन्ही दिशांना सारखी जागा मिळावी म्हणून आयसी पाचव्या पायावरचा दाब आपण होऊन सेलांच्या दाबाच्या निम्म्यावर, म्हणजे ३ व्होल्टच्या आसपास ठेवते. स्पीकर थेट जोडला तर हा स्थिर दाब त्यावर पडेल व ८ ओहममधून सुमारे ०.३७ अँपिअर प्रवाह आवाज नसतानाही वाहत राहील; सेल संपतील, आयसी तापेल, शंकू एका बाजूस ओढला जाईल. म्हणून पाचव्या पायाला २२० मायक्रोफॅरडच्या धारित्राचा धन ध्रुव व त्याच्या ऋण ध्रुवास स्पीकर जोडावा. स्पीकरचे दुसरे टोक ऋण ओळीला. धारित्र स्थिर दाब अडविते व चढउतार तेवढा पुढे जाऊ देते. त्यातून ९० कंपनांखालचे खर्जाचे स्वर कमी होतात, पण माणसाच्या बोलण्याला त्याने बाध येत नाही. शिवाय पाचव्या पायापासून १० ओहमचा रोधक व त्यापुढे ०.०४७ मायक्रोफॅरडची चकती अशी जोडी ऋण ओळीपर्यंत लावावी. ती नसली तर काही वेळा आयसी स्वतःच अतिवेगाने कंप पावू लागते. कानाला काही ऐकू येत नाही, पण आयसी गरम होते व आवाज खरखरतो.

भ्रमणध्वनी लावण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. सेल घालून कळ दाबावी व मल्टिमीटरने चौथ्या आणि पाचव्या पायांमधील दाब मोजावा. तो ३ व्होल्टच्या आसपास आला तर निम्मे काम बरोबर झाले. शून्य किंवा पूर्ण ६ आला तर कळ ताबडतोब बंद करून जोडणी पुन्हा पाहावी. सेल उलटे घातले तर आयसी निकामी होऊ शकते, म्हणून सेलांची दिशा दोघांनी वेगवेगळी तपासावी. दुसरी परीक्षा बोटाची: आवाज मध्यावर ठेवून फिरत्या रोधकाच्या संकेताकडील टोकास बोट लावले की स्पीकर गुणगुणतो. आपले शरीर भिंतीतील विजेच्या तारांचे ५० कंपनांचे प्रत्यावर्तन झेलते, त्याचा हा आवाज. वीज गेलेली असताना ही गुणगुण येत नाही; तेवढ्यावरून मंडल बिघडले असे समजू नये. उलट, वीज असताना व नसताना अशी दोन्ही वेळा ही परीक्षा मुलांना दाखविली तर तो एक स्वतंत्र पाठच होतो.

भ्रमणध्वनीचा आवाज दोन-तृतीयांशावर ठेवून पुढचे कमीजास्त फिरत्या रोधकाने करावे. पहिला व आठवा पाय मोकळे असता ही आयसी संकेताचा दाब २० पट करते. सेलांचा दाब ६ व्होल्टच असल्यामुळे बाहेरचा चढउतार मध्यापासून अडीच व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे आत आठवा हिस्सा व्होल्टहून अधिक आले की माथे छाटले जाऊन आवाज फाटतो. दार पूर्ण उघडल्यावर ते आणखी कसे उघडणार? या दोन पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचे धारित्र, धन ध्रुव पहिल्या पायाकडे ठेवून, लावले तर विवर्धन २०० पट होते. आतील १५० ओहम व १३५० ओहम अशा एकापुढे एक असलेल्या दोन रोधकांपैकी मोठ्याला संकेत वळसा घालतो, म्हणून नेमका दहापट फरक पडतो. भ्रमणध्वनीसाठी याची गरज नाही. उत्साहाने ते धारित्र लावणाऱ्याच्या पदरी फाटका आवाजच येतो.

आवाज पहिल्यांदा आला की बहुतेकांची थोडी निराशा होते: आवाज मोठा आहे, पण पत्र्यासारखा पोकळ. दोष मंडलाचा नाही. उघड्या स्पीकरचा शंकू पुढे सरकताना पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची विरळ करतो, आणि कडेने वळसा घालून दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. खालचे स्वर यात नाहीसे होतात. पुठ्ठ्याच्या दणकट खोक्याला शंकूच्या मापाचे भोक पाडून स्पीकर आतून घट्ट बसवावा. खर्च काही नाही, आणि आवाज एकदम भरीव होतो. मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवून कडेची फट चिकणमातीने लिंपली तर आणखी चांगला परिणाम मिळतो. माठाच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या थरथरत नाहीत. बसविण्यापूर्वी स्पीकर उताणा ठेवून शंकूत राजगिऱ्याचे दाणे टाकावेत. आवाजाबरोबर दाणे नाचतात आणि ध्वनी म्हणजे कंपन, हे वाक्य पाठ करून घ्यावे लागत नाही.

स्पीकर कोठे ठेवावा यालाही महत्त्व आहे. फळ्याखाली जमिनीवर ठेवला तर पुढच्या मुलांची शरीरेच आवाज अडवितात. बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीवर, स्टुलावर, वर्गाच्या मध्याजवळ ठेवावा. अंतर निम्मे झाले की थेट पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौपट होते. तेवढीच वाढ विवर्धकातून मिळवावयाची तर स्पीकरला चौपट शक्ती द्यावी लागेल. शिवाय नुसत्या भिंतींच्या खोलीत आवाज फार चढविला की प्रतिध्वनी शब्द गिळतो.

असा पाठ चालू असताना शिक्षकाने भ्रमणध्वनीकडे न पाहता मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. सर्वांना आवाज पुरेसा जात असतानाही एखादे मूल मान तिरकी करून एकच कान स्पीकरकडे वळवीत असेल, शेजाऱ्याचे पाहून मग हसत असेल, तर त्याची नोंद करावी. शाळेत ‘मंद’ म्हणून मागे बसविलेल्या मुलांपैकी काहींना नुसते कमी ऐकू येत असते. हा विवर्धक म्हणजे श्रवणयंत्र नव्हे आणि त्याने अशा मुलाचा प्रश्न सुटत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत, हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, श्रवणदोषाचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचे नाव व आपण काय पाहिले हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगावे. पथक येण्यास अवकाश असेल तर पालकांना भेटून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास सांगावे.

विजेच्या जोडणीविषयी एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. हे मंडल भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेवर चालविण्याचा मोह धरू नये. रोहित्र आणून स्वतः पुरवठा बांधणे, जुन्या यंत्राचा उघडा भाग वापरणे, हे शाळेत सर्वथा वर्ज्य समजावे. ६ व्होल्टच्या सेलांना मुलाने ओल्या हाताने स्पर्श केला तरी धक्का बसत नाही, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. भ्रमणध्वनीसाठीची ‘पॉवर बँक’ ५ व्होल्ट देते व या आयसीला तेवढे पुरते. परंतु आवाज नसताना हे मंडल केवळ ४ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, तो इतका अल्प असतो की पुष्कळ पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून आपोआप बंद पडतात. चौकोनी ९ व्होल्टची लहान बॅटरीही घेऊ नये. तिच्यात साठा थोडा असल्याने मोठ्या आवाजात ती लवकर थकते. विजेरीचे मोठे चार सेल रोज अर्धा-पाऊण तास वापरले तरी पुष्कळ दिवस टिकतात. चारही सेल एकदमच बदलावेत. नवे व जुने मिसळू नयेत. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी ते पेटीतून काढून ठेवावेत, नाहीतर त्यांतील क्षार पाझरून पेटीच्या पट्ट्या खातो व जूनमध्ये पेटीच नवी घ्यावी लागते.